नाणेघाटाची वाट

उत्तर कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज गलबतांतून आला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १५३४ सालच्या वसईच्या तहापासून आमचा इतिहास सुरू करण्याची सवयच जडली आहे. एका जुन्या वाटेचा मागोवा घेताना मात्र ही सवय डळमळू लागते.

कल्याणहून मुरबाडमार्गे निघालेला आजचा महामार्ग वैशाखरे गावापुढे माळशेज घाटाने वर चढतो. जुनी वाट तेथेच त्याला सोडून रानात शिरते व कातळात खोदलेल्या अरुंद खिंडीतून घाटमाथ्यावर निघते. हा नाणेघाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, सोपारा व कल्याण या बंदरांत उतरलेला माल येथून जुन्नरला जाई आणि पुढे देशावरील मोकळ्या माळांतून गोदाकाठच्या पैठणला पोहोचे. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांची खापरे सापडली, ती उगाच नव्हे. खिंडीतील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांची त्यात मोजदाद आहे. राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे केव्हाच नष्ट झाले. नावे तेवढी उरली. माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा आहे. तो पाण्याचा असला, तरी घाट चढून आलेल्याला अधिकच मोलाचा!

या वाटेच्या पायथ्याच्या बंदराविषयी अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास सहाव्या शतकात लिहितो, की ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. काही विद्वान हे स्थळ उडुपीजवळ मानतात. आम्हांस ते पटत नाही. कॉस्मास बंदरांची नावे सिंधूपासून दक्षिणेकडे क्रमाने देतो. त्यात कल्लियाना आधी येते, मग सिबोर, म्हणजे बहुधा चौल, आणि त्यानंतर मिरीच्या मलबारातील बंदरे. हा क्रम आपल्या कल्याणलाच जुळतो.

पुढे १३२१ साली कल्याणच्याच खाडीवर, ठाण्यात, चार फ्रान्सिस्कन मिशनरी रक्तसाक्षी झाले. त्यापूर्वी ते उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. वसईचा तह होण्यास तेव्हा दोनशे तेरा वर्षे अवकाश होता.