मळणी मशीनचं बेअरिंग बदलताय? आधी नंबर वाचा, मग पैसे द्या

सुगीत मळणी मशीनचं बेअरिंग गेलं की खळं थांबतं, मजूर बसून राहतात. त्यात आभाळ भरून आलं तर तोंडाशी आलेला घास जातो. घाईघाईत दुकानात जाऊन ‘याच्यासारखंच द्या’ म्हणून आणलेलं बेअरिंग मापात बसतं, पण काम पेलत नाही आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आवाज करू लागतं. म्हणून बेअरिंगवरचा नंबर शेतकऱ्याला स्वतः वाचता आला पाहिजे.

नंबर कसा वाचायचा?

समजा, रिंगवर ६२०५ कोरलंय. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणायचं. ०५ गुणिले ५ म्हणजे शाफ्ट २५ मिलीमीटरचा. ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. पहिला ६ म्हणजे खोल खाचेतून गोळ्या फिरणारं साधं बेअरिंग. दुसरा आकडा बेअरिंग किती दणकट ते सांगतो. ६२०५ बाहेरून ५२ मिलीमीटर आणि रुंदी १५. ६३०५ चा शाफ्ट तोच २५ चा, पण बाहेरून ६२ आणि रुंदी १७. ते साधारण दीडपट भार पेलतं. मात्र एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने आतलं, बाहेरचं आणि रुंदीचं अशी तिन्ही मापं घ्यावीत.

नंबरापुढची अक्षरं

झेडझेड : दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं.
२आरएस : दोन्ही बाजूंना रबरी सील. भुसा, धूळ असेल तिथे हेच बरं.
सी३ : आत नेहमीपेक्षा थोडी जास्त ढील. मोटार तापली की बेअरिंग फुगतं, तेव्हा ही ढील कामी येते. जुन्यावर सी३ असेल तर नवंही सी३ च घ्यावं.

कुठे कोणतं?

मोटार, पंखा, हलकी पुली : गोळ्यांचं साधं बेअरिंग.

पट्ट्याची जबर ओढ असेल तिथे : एनयू नंबरचं रोलर बेअरिंग. गोळी खाचेला टेकते ती ठिपक्याएवढी, रोलर पूर्ण लांबीने टेकतो. म्हणून तो जास्त भार घेतो. पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा धक्का एनयू घेत नाही.

दोन्ही दिशांचा भार, जसं ट्रॉलीचं चाक : टेपर रोलर. नंबर ३० किंवा ३२ ने सुरू होतो, उदाहरणार्थ ३०२०५.

मळणीचा मुख्य शाफ्ट : बहुतेक ठिकाणी ब्लॉकमधलं यूसी बेअरिंग. यूसी २०६ म्हणजे ३० चा शाफ्ट. त्याची बाहेरची बाजू गोलसर असल्याने बसवताना थोडा वाकडेपणा सांभाळून घेतलं जातं.

बसवताना

शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर द्यावा. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की गोळ्यांचे वण खाचेत उमटतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. जुना शाफ्ट झिजून ढिला झाला असेल तर पत्र्याची पट्टी घालून भागवू नये, शाफ्ट आधी नीट करून घ्यावा.

पट्टा गरजेपेक्षा ताणू नये. गोळी बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं आयुष्य आठपट घटतं. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरू नये. मोकळ्या जागेच्या तिसरा हिस्सा ते निम्मं पुरे. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं.

खरेदी करताना

नकली माल बाजारात आहे. पक्कं बिल घ्यावं. खोक्यावरचा आणि रिंगवरचा नंबर जुळतो का, कोरलेली अक्षरं स्वच्छ आहेत का, ते पाहावं.

आवाज बदलला, ब्लॉकला हात लावता येत नाही इतका तापला, तर मशीन लगेच थांबवावं. जाम झालेल्या बेअरिंगच्या उष्णतेने कोरडा भुसा पेट घेऊ शकतो. तपासणी करण्याआधी ट्रॅक्टर बंद करून चावी काढून घ्यावी. मोटारीवरचं मशीन असेल तर मेन स्विच पाडावा आणि शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये.