रुपेरी पडद्यावरील गुन्हेगारी विश्व आणि कोकणचा किनारा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे सागरी मार्गाने निघाले, की वाटेत आरे-वारेचा जोडकिनारा लागतो. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून पर्यटक खालचा निळा समुद्र आणि सुरूचे बन डोळ्यांत साठवतात. हा किनारा आज निवांतपणासाठी ओळखला जातो. मात्र एका पिढीच्या मनात कोकणच्या किनाऱ्याचे आणखी एक चित्र आहे, आणि ते हिंदी चित्रपटाने रंगवले आहे. अंधारी रात्र, दूरवर लुकलुकणारा कंदील, किनाऱ्याला लागणारा मचवा आणि त्यातून उतरणाऱ्या पेट्या, असे ते चित्र. त्या पेट्यांमागचा खरा इतिहास आणि त्यावर उभे राहिलेले चित्रपट यांचे नाते दशकागणिक बदलत गेले. त्याचा हा आढावा.

दारूबंदीचे अपत्य

गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपटांचा साचा अमेरिकेत तयार झाला. तेथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि बेकायदा दारूच्या धंद्यातून शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांत टोळ्या फोफावल्या. १९३१ मधील ‘लिटल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ आणि १९३२ मधील ‘स्कारफेस’ या तीन चित्रपटांनी गरिबीतून वर चढणारा आणि अखेर गोळ्यांनी कोसळणारा नायक रूढ केला. अशा नायकाचे उदात्तीकरण होते, ही तक्रारही तेव्हापासूनची. १९३४ पासून हॉलीवूडने स्वतःवर आचारसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू केली, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘द गॉडफादर’ने (१९७२) टोळीप्रमुखाला कुटुंबप्रमुखाचे रूप दिले. त्याचा प्रभाव आपल्याकडे फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’पासून (१९७५) राम गोपाल वर्मा यांच्या ‘सरकार’पर्यंत (२००५) स्पष्ट दिसतो.

मुंबईतही कायद्याने असेच काम केले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बरकत आली. १९६० च्या दशकातील सुवर्ण नियंत्रणामुळे चोरट्या सोन्याला भाव आला. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी घड्याळे आणि कापडही त्याच वाटेने येऊ लागले. खाड्या, कातळ आणि लहान लहान बंदरे यांनी भरलेला पश्चिम किनारा या व्यापाराला सोयीचा ठरला.

पाकीटमार ते गोदी कामगार

हिंदी पडद्यावरचा आरंभीचा गुन्हेगार एकटा असे. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये अशोककुमार पाकीटमार होते, गुरुदत्त यांच्या ‘बाजी’त (१९५१) देव आनंद जुगारी होते. ‘काला बाजार’मध्ये (१९६०) चित्रपटगृहाबाहेर तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यांची टोळी दिसली. हे नायक शेवटी सुधारत असत, कारण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत समाजाचा तसा विश्वास होता.

१९७५ मध्ये ‘दीवार’ने तो विश्वास मोडला. यश चोप्रा यांचे दिग्दर्शन आणि सलीम-जावेद यांची पटकथा असलेल्या या चित्रपटातील विजय हा गोदीतला हमाल तस्करांच्या गोटात शिरतो. ही व्यक्तिरेखा हाजी मस्तान यांच्यावरून सुचल्याचे सांगितले जाते. हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी आणीबाणी आली आणि खुद्द मस्तान यांना तुरुंगात जावे लागले. दक्षिणेत मणिरत्नम यांनी वरदराजन मुदलियार यांच्या जीवनावर बेतलेला ‘नायकन’ (१९८७) काढला. त्याचा हिंदी अवतार म्हणजे ‘दयावान’ (१९८८).

रणपारचा मन्या सुर्वे

या साऱ्या कथांतील एक थेट रत्नागिरीत येऊन पोहोचते. मनोहर ऊर्फ मन्या सुर्वे मूळचा रत्नागिरीजवळच्या रणपारचा. मुंबईत कीर्ती महाविद्यालयात शिकलेला हा तरुण खुनाच्या गुन्ह्यात येरवड्याला गेला. तेथून त्याला रत्नागिरीच्या तुरुंगात हलवण्यात आले. १९७९ मध्ये रुग्णालयातून पोलिसांचा पहारा चुकवून तो निसटला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. मुंबईतील पहिली पोलीस ‘चकमक’ म्हणून या घटनेचा उल्लेख होतो. ‘शूटआऊट ॲट वडाला’मध्ये (२०१३) जॉन अब्राहम यांनी ही भूमिका केली.

या तारखेनंतर अवघ्या सात दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु पुढील वीस वर्षांचे गुन्हेगारी चित्रपट समजून घ्यायचे, तर त्या एकत्र पाहाव्या लागतात. गिरणगावातील कामगारांत कोकणी माणसांचा मोठा भरणा होता. कोकण बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला चाकरमानी लालबाग-परळच्या खोल्यांत राही आणि गावी मनीऑर्डर पाठवी. संपाने ती मनीऑर्डर थांबली. चाळीतील बेकार मुलांना टोळ्यांनी काम दिले, आणि गिरण्यांच्या जमिनी पुढे खंडणीखोर व बांधकाम व्यावसायिक यांच्या हिशेबात आल्या.

रस्त्यावरचे वास्तव

बदललेल्या मुंबईची पहिली खूण गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) मिळते. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरी यांचा फौजदार आणि सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी समोरासमोर येतात, तेव्हा कायदा आणि गुन्हा यांच्यामध्ये राजकारण उभे असल्याचे प्रेक्षकाला कळते. विधु विनोद चोप्रा यांच्या ‘परिंदा’ने (१९८९) नाना पाटेकर यांच्या अण्णाच्या रूपाने टोळीप्रमुखाच्या मनातील भीती दाखवली. ‘अग्निपथ’च्या (१९९०) नायकाला आपले मांडवा गाव परत हवे असते, कोकणातल्या गावाची ओढ हीच त्या सूडकथेची प्रेरणा आहे.

१९९३ नंतर हा विषय मनोरंजनापुरता उरला नाही. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या कटासाठी शस्त्रे व स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आली होती. सोने-चांदीला सरावलेली वाट मृत्यूसाठी वापरली गेली, आणि कस्टम्स व पोलीस खात्यातील काही जणांनाही त्यासाठी शिक्षा झाली. एस. हुसैन झैदी यांच्या पुस्तकावर अनुराग कश्यप यांनी केलेला ‘ब्लॅक फ्रायडे’ खटल्यामुळे अडकून अखेर २००७ मध्ये प्रदर्शित झाला.

चित्रसृष्टीही या छायेबाहेर नव्हती. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली. १९९८ मध्ये चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचे सरकारने जाहीर केले, आणि काळ्या पैशाऐवजी बँकांकडून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी राम गोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ आला. मनोज वाजपेयी यांचा भिकू म्हात्रे घरी बायकोशी भांडतो, मित्रांत हसतो आणि कचेरीत बसून खंडणी मागतो. तो आपल्याच शेजारचा वाटला, हेच या चित्रपटाचे बळ होते. १९९९ मध्ये राज्यात संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मोक्का’ कायदा लागू झाला, आणि त्याच वर्षी महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ झळकला. पावभाजीची गाडी चालवणाऱ्या रघूला अखेर त्याची आईच गोळी घालून सोडवते. ‘दीवार’मधील आईने मुलापासून तोंड फिरवले होते, रीमा लागू यांची आई त्याच्याही पुढे गेली.

मराठी पडदा

या विषयाकडे मराठी चित्रपट उशिरा वळला, परंतु मूळ प्रश्नाला त्याने हात घातला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेल्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) संपात उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाचा मुलगा टोळीत जातो. टोळी येथे साहसाची जागा नाही. ती बंद पडलेल्या गिरणीची पर्यायी नोकरी आहे. ‘रेगे’ (२०१४) आणि ‘दगडी चाळ’ (२०१५) या चित्रपटांनी मध्यमवर्गीय तरुणाचे या जगाकडे ओढले जाणे आपापल्या परीने मांडले.

या सर्व चित्रपटांवर एक आक्षेप कायम राहतो. मारणाऱ्याचे नाव, त्याची लकब आणि त्याचे संवाद लक्षात राहतात. मेलेल्यांची नावे कुणी सांगत नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच या प्रकारातील उत्तम चित्रपट ओळखण्याची एक साधी कसोटी सुचवता येते. गोळी सुटल्यानंतर चित्रपट कुणाबरोबर थांबतो, हे पाहावे. ‘वास्तव’ आणि ‘लालबाग परळ’ घरात मागे उरलेल्यांबरोबर थांबतात.

आरे-वारेच्या वळणावर उभे राहून समुद्राकडे पाहताना मचवे आणि पेट्यांचे चित्र आठवणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच याच किनाऱ्यावरून बोटीत बसून मुंबईला गेलेली हजारो साधी माणसेही आठवावीत. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यभर गिरणीत पाळ्या केल्या आणि संपानंतरही मुलांना वाईट मार्गाला लागू दिले नाही. त्यांच्यावरचे चित्रपट मात्र अजून मोजकेच आहेत.