चोरटा फॉल्ट

जुन्या मोटारीतला विजेचा फॉल्ट चोरटा असतो. गॅरेजमध्ये गाडी नेली की तो दिसत नाही, घरी आणली की पुन्हा हजर. असा फॉल्ट पकडणारा ऑटो इलेक्ट्रिशियन छत्रपती संभाजीनगरातही मेकॅनिकपासून वेगळाच धरला जातो. मेकॅनिक इंजिन पाहतो, डेंटर पत्रा. बॅटरी, सेल्फ, डायनॅमो आणि वायरिंग हे खाते याचे.

हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या हाताखाली २७ बसगाड्या काढल्या, तेव्हा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याच संस्थानात होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक चिकलठाण्यात उभी राहिली. उरलेल्या दोन दापोडी आणि हिंगण्याला.

खासगी मोटारींत तेव्हा दोनच घराणी ठळक होती. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर आणि वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. ब्रिटिश वळणाच्या वायरिंगला रंगांची शिस्त होती: तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. पण मराठवाड्याची धूळ आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा यांनी पंधरा-वीस वर्षांत सगळ्या तारा एकाच मळकट रंगाच्या केल्या. मग रंगावर विसंबणे संपले, तार हाताने चाचपत जाणे आले.

त्या काळची नेहमीची तक्रार म्हणजे बॅटरी उतरणे. डायनॅमो कमी वेगात जेमतेम चार्ज करतो. वेरूळ-अजिंठ्याच्या फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीची बॅटरी म्हणून टवटवीत राही आणि घर ते बाजार एवढीच धावणारी गाडी सकाळी धक्का मागे. डायनॅमो थांबल्यावर बॅटरी उलटी त्यात रिकामी होऊ नये म्हणून कटआऊट असे. त्याचे पॉइंट चिकटले की तेच घडे. कारागीर पॉइंट घासून देई, आर्मेचर जळाले असेल तर नव्याने वाइंडिंग करी. अल्टरनेटर आल्यावर हे काम बरेच आटले.

गाडी उभी असताना करंट कोण खातो, हे शोधण्याची युक्ती मात्र अजून तीच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि तिच्या व बॅटरीच्या मध्ये टेस्ट लॅम्प जोडायचा. तो पेटला तर एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या लाइनीत चोर. नव्या गाड्यांत घड्याळ आणि कंप्युटरही थोडा करंट घेतात, त्यामुळे तिथे बल्बऐवजी मीटर लागतो.

खरा त्रास अर्थचा. मोटारीत परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच. पत्राच ते काम करतो. सांध्यावर गंज चढला की करंट दुसरी वाट धरतो. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही मिचकावू लागतो. इंजिन आणि चासीमधली पट्टी सैल असेल तर सेल्फचा भलामोठा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलीतून परततो आणि ती तापते. गिऱ्हाईक बल्ब बदलते, केबल बदलते, नवी बॅटरी घेते. सांधा तसाच राहतो, म्हणून दोन महिन्यांनी तोच फॉल्ट. यात जितका दोष गंजाचा, तितकाच पार्ट बदलून मोकळे होण्याच्या सवयीचा.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. २०१० मध्ये शहराने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज विकत घेऊन देशभर चर्चा घडवली. त्याच वर्षापासून देशात नव्या गाड्यांना स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची होऊ लागली. स्कॅनर आता कोड दाखवतो. पण अर्थ कच्चा असला की व्होल्टेज पडून चार-पाच सेन्सरांचे कोड एकदम उमटतात आणि सेन्सर निर्दोष निघतात. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत आतल्या आत तुटलेली तार तर दार एका विशिष्ट कोनात असतानाच दगा देते.

तेव्हा सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी अर्थची पट्टी सोडवून घासावी.