डॉन जॉन

शेक्सपिअरच्या मच अडू अबाउट नथिंग (लेखन सु. १५९८–९९, प्रकाशन १६००) या प्रणयप्रधान सुखात्मिकेतील मत्सरी खलपात्र. ॲरागॉनचा राजपुत्र डॉन पेद्रो याचा हा अनौरस भाऊ. भावाविरुद्ध केलेले बंड फसल्यावर त्याला क्षमा मिळालेली असते. त्याच्या पराभवाचे श्रेय मात्र क्लॉडिओ या तरुण सरदाराकडे जाते. मेसीनाचा राज्यपाल लिओनाटो याची कन्या हीरो हिच्याशी क्लॉडिओचा विवाह ठरताच, तो मोडण्याचा डॉन जॉन चंग बांधतो.

निष्कलंक वधूवर आळ घेण्याची ही कथा शेक्सपिअरपूर्वी इटालियन साहित्यात रूढ होती. आरिओस्तोच्या ऑर्लांदो फ्यूरिओसो (१५१६) या महाकाव्यात पोलिनेसो हा सरदार राजकन्या जिनेव्हा हिच्या दासीला तिची वस्त्रे लेववून प्रियकराची फसवणूक करतो. हॅरिंग्टनने या काव्याचा इंग्रजी अनुवाद १५९१ मध्ये प्रसिद्ध केला. बांदेल्लोच्या कथेत (१५५४) मेसीना हेच स्थळ असून तेथील कपटी जिरोंदो स्वतःच नायिकेवर अनुरक्त असतो. शेवटी तो पश्चात्ताप पावतो. या दोन्ही कथांतील खलपुरुष नायिकेचा अभिलाषी आहे. स्पेन्सरच्या द फेअरी क्वीन या काव्यातील (१५९०) अशाच एका उपकथेत मित्राच्या सुखाविषयीच्या मत्सराचा निर्देश आढळतो.

शेक्सपिअरने खलपुरुषाला प्रणयस्पर्धेतून पूर्णपणे बाहेर काढले. डॉन जॉनला हीरोची अभिलाषा नाही. विवाह मोडून त्याच्या पदरात काहीच पडणार नसते. दुसऱ्याचा उत्कर्ष त्याला सहन होत नाही, एवढेच त्याच्या दुष्टाव्याचे कारण. अनौरस जन्मामुळे आलेले गौणत्व आणि पराभवाचा सल यांतून हा मत्सर पोसला गेला आहे. मुखवट्यांच्या नृत्यप्रसंगी, डॉन पेद्रो हीरोला स्वतःसाठीच मागणी घालत आहे, असे भासवून तो क्लॉडिओचे मन कलुषित करतो. हा डाव फसल्यावर त्याचा हस्तक बोराकिओ हजार डुकॅटांच्या मोबदल्यात दुसरे कारस्थान रचतो. विवाहाच्या आदल्या रात्री हीरोच्या खिडकीत तिची दासी मार्गारेट हिच्याशी बोराकिओने केलेला शृंगार क्लॉडिओ आणि डॉन पेद्रो यांना दुरून दाखविला जातो. परिणामी क्लॉडिओ भर चर्चमध्ये हीरोचा धिक्कार करतो.

डॉन जॉनची भूमिका लहान आहे. तो मितभाषी आहे, मुख्य कपटही त्याच्या बुद्धीतून निघालेले नाही आणि चर्चमधील प्रसंगानंतर तो रंगमंचावर दिसत नाही. तथापि या दुबळेपणातच नाटकाचा आशय सामावला आहे. मत्सरी माणूस केवळ ठिणगी टाकतो. ती पेट घेते इतरांच्या तत्पर विश्वासामुळे. डॉन जॉनचे पूर्वचरित्र ठाऊक असूनही राजपुत्र त्याच्या शब्दावर विसंबतो, आणि प्रत्यक्ष पिता मुलीचे मरण इच्छितो. हीरोची चुलतबहीण बीआट्रिस मात्र तिच्या निर्दोषत्वाविषयी क्षणभरही साशंक होत नाही. बेनेडिक आणि बीआट्रिस यांना प्रेमात पाडण्यासाठी मित्रमंडळी मुद्दाम त्यांच्या कानांवर पडेल असे खोटे बोलतात. हीरोचा घात करणारे साधनही असत्यच. हेतू बदलताच एकाच साधनाचे फळ पालटते. पुढे सत्य उजेडात येते, तेही गावंढळ पहारेकऱ्यांनी बोराकिओची बढाई चोरून ऐकल्यामुळे.

संस्कृत नाटकातील शकाराशी डॉन जॉनची तुलना उद्बोधक ठरते. गो. ब. देवलांच्या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा झालेला मृच्छकटिकातील हा राजश्यालक वसंतसेनेचा अभिलाषी असून त्याच्या आरोपामागे राजसत्तेचे बळ आहे. शेवटी चारुदत्त त्याला क्षमा करतो. पळून गेलेला डॉन जॉन पकडला गेल्याची वार्ता नाटकाच्या शेवटी येते. पण बेनेडिक शिक्षेचा विचार दुसऱ्या दिवसावर ढकलून नृत्य सुरू करावयास सांगतो.

बेर्लिओझने बेआत्रीस ए बेनेदिक्त (१८६२) या आपल्या संगीतिकेत डॉन जॉनचे कारस्थान गाळले. त्यामुळे ती निव्वळ प्रणयाची क्रीडा झाली. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमध्ये (सु. १६०३–०४) मात्र मत्सर आणि खोटा पुरावा यांचीच जोडी पुन्हा आढळते. तेथे चोरून ऐकणारे पहारेकरी नाहीत आणि सत्य कळते, ते डेस्डिमोनाच्या मृत्यूनंतर.