हात लावण्याची मुभा

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांपुढे उभी राहते. ताम्रपटाच्या किंवा जुन्या मूर्तीच्या बाबतीत ती पाटी योग्यच होय. यंत्राचे मात्र तसे नाही. चाक फिरल्यावाचून चाकाचा अर्थ उमगत नाही.

हे ज्याने नेमके ओळखले, तो म्यूनिकचा अभियंता ऑस्कर फॉन मिलर. १८८२ साली तेथील विद्युत प्रदर्शनात त्याने, फ्रेंच अभियंता मार्सेल देप्रे याच्या साहाय्याने, मिस्बाख गावाहून ५७ किलोमीटर तारेवरून वीज आणली आणि तिच्या बळावर पंप चालवून कृत्रिम धबधबा वाहता केला. दहा व्याख्यानांनी जे पटले नसते, ते त्या पाण्याने पटविले. पुढे १९०३ साली त्याने ‘डॉइचेस म्यूझियम’ या संग्रहालयाची स्थापना केली. प्रेक्षकाने स्वतः कळ दाबावी, दांडा ओढावा आणि काय घडते ते पाहावे, हा तेथील दंडक.

१९११ साली शिकागोचे धनिक व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड सहकुटुंब म्यूनिकला गेले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा त्या यंत्रांत इतका रमला की, आपल्या गावच्या मुलांनाही असे स्थान लाभावे, ही इच्छा पित्याच्या मनात रुजली. शिकागोचे संग्रहालय १९३३ साली उघडले. ते पाहण्यास रोझेनवाल्ड उरले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. म्यूनिकची वास्तू तर १९४४ च्या बाँबवर्षावात फार उद्ध्वस्त झाली. पण १९४८ साली तिची दारे पुन्हा उघडली.

आपल्या देशात हीच पद्धत कलकत्त्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९५९ पासून रुजविली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये आणि गोव्यातील मिरामारचे केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. सुटीत कितीतरी कुटुंबे तेथे जातात.

मात्र कळ दाबली, दिवा लागला आणि मूल पुढे पळाले, एवढ्याने शिक्षण होत नाही. हाताने केले ते डोक्याने विचारले पाहिजे: असे का झाले? हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी सोबत न्यावा, आणि घरीही परत आणावा. ताक घुसळण्याची रवी घ्या. दोरी सरळ मागेपुढे ओढली जाते, पण रवी गरगर फिरते. सरळ गतीची चक्रगती होते. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी हलते. म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. या युक्त्या ज्यांना सुचल्या, त्यांची नावे कोणत्याही संग्रहालयात कोरलेली नाहीत. शोध लावणारा माणूस आपल्यासारख्याच घरात जन्मतो, हे मुलाला कळले, तर त्या प्रवासाचे भाडे वसूल झाले असे समजावे.