खालांच्या रिपोर्टमधली घोणस

पूनम सागरला राहणाऱ्या माझ्या खालांच्या पोटरीत दुसऱ्यांदा रक्ताची गुठळी झाली. पहिल्या वेळी सूज उतरली आणि त्यांनी गोळ्या स्वतःहूनच बंद केल्या होत्या. या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासणीच्या नावात 'रसेल वायपर व्हेनम' असे शब्द होते. खालांनी विचारलं, "बेटा, मला साप कधी चावला?"

रसेल वायपर म्हणजे आपली घोणस. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर. सीरियातल्या हलब शहरात त्याने अनेक वर्षं काढली, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमच्या बाजूला आला. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचं त्याचं पुस्तक १७९६ मध्ये निघालं. सापाला पुढे त्याचंच नाव मिळालं.

महाराष्ट्रात शेतकऱ्याला घोणस वेगळी शिकवावी लागत नाही. परळला १८९९ मध्ये प्लेगच्या लसीसाठी सुरू झालेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनवण्याशी हाफकिनचं नाव जोडलेलं आहे.

घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या साखळीतली 'फॅक्टर दहा' ही कडी थेट चालू करतं. शरीरभर गोठण्याची क्रिया इतकी पेटते की गोठवणारं द्रव्यच संपतं, आणि मग रक्त गोठतच नाही. म्हणून साध्या दवाखान्यातही सर्पदंशाच्या रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं हलवत नाहीत. मग नळी एकदाच तिरकी करतात. गुठळी टिकली तर ठीक, रक्त वाहिलं तर प्रतिविष.

१९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष खूप पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचं वाहतं रक्त थांबवायला वापरलं. जीव घेणारं विष औषध झालं.

पुढे उलटी गोष्ट घडली. १९५२ मध्ये अमेरिकेत कॉन्ली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गोठणं लांबवणारा घटक सापडला. नळीत रक्त उशिरा गोठतं, तर माणसाच्या अंगातून ते जास्त वाहायला हवं ना? नंतर दिसलं की अशा अनेकांच्या शिरांत उलट गुठळ्या होतात, आणि पुन्हा पुन्हा होतात. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूजेस यांनी या आजाराचं चित्र स्पष्ट मांडलं. १९८६ पासून तो घटक ओळखायला घोणशीचं पातळ विष वापरलं जाऊ लागलं. खालांची तपासणी तीच.

गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांची जाळी. वीण दाट असेल तर शरीराला ती विरघळवायला वेळ लागतो. म्हणून सूज उतरली म्हणजे धोका टळला असं नाही. ठोस कारण नसताना झालेल्या पहिल्या गुठळीनंतर औषध थांबवलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे १० जणांना वर्षभरात, तर सुमारे २५ जणांना पाच वर्षांत ती पुन्हा होते.

खालांची तपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा झाली, कारण एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. दुसराही तसाच आला. अशा रुग्णांना, विशेषतः धोका जास्त असेल तर, नव्या गोळ्यांपेक्षा जुनी वॉरफरिन बरी मानतात. २०१८ च्या एका इटालियन अभ्यासात नव्या गोळीवर त्रास जास्त आढळल्याने तो अर्ध्यातच थांबवावा लागला होता.

आता खाला रोज रात्री गोळी घेतात आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला जातात. तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू देऊ नका.