सावलीतल्या निळ्याची कुळकथा

कोडाक्रोम या रंगीत फिल्मवरची जुनी स्लाइड खिडकीच्या उजेडासमोर धरली की झाडाखालचा काळोख काळाच दिसतो. तीच स्लाइड स्कॅन केली की तो काळोख पडद्यावर निळसर होतो, कापडावर शाई उतरावी तसा. स्लाइड खराब झाली असे वाटून माणूस हळहळतो. पण स्लाइड धडधाकट असते. ही निळी झाक आली कुठून आणि ती काढायची रीत कुणाची, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

इंग्लंडमधल्या विड्नेस गावी रसायनांच्या कारखान्यात फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड काम करत. छायाचित्रण ही त्यांची हौस. प्लेटवर किती प्रकाश पडला की ती किती काळी होते, हे त्यांनी मोजले आणि १८९० साली प्रसिद्ध केले. काळेपणाला त्यांनी ‘घनता’ हे माप दिले. त्यांच्या आलेखाची रेघ मधे सरळ, दोन्ही टोकांना वाकलेली. गडद भाग, मधला भाग आणि उजळ भाग एकाच नियमाने वागत नाहीत, हे त्या रेघेने कायमचे दाखवून दिले. आज फोटो दुरुस्त करताना आपण पडद्यावरच्या अशाच आलेखाचे, म्हणजे ‘कर्व्ह’चे, एकच टोक खाली ओढतो, त्यामागचा विचार मला तिथलाच वाटतो.

कोडाक्रोम घडवली ती दोन वादकांनी. लिओपोल्ड मॅनस पियानो वाजवत, लिओपोल्ड गोडोव्स्की धाकटे व्हायोलिन. रॉचेस्टरच्या कोडॅक प्रयोगशाळेत त्यांनी सिद्ध केलेली फिल्म १९३५ साली आधी सिनेमासाठी आली आणि पुढच्याच वर्षी ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी. हिच्यात रंग घडवणारी द्रव्ये आधीपासून नसत. ती धुलाईच्या वेळी एकेका थरात घालावी लागत. तयार होणारे तीन रंग एकमेकांवर पडले की डोळ्याला काळे दिसत. प्रोजेक्टर आणि माणसाचा डोळा, एवढेच गिऱ्हाईक तेव्हा समोर होते. स्कॅनर तेच तीन रंग वेगळ्या नजरेने वाचतो. त्याच्या हिशेबात निळा थोडा जास्त सुटतो. शिवाय घनता ३ असलेल्या जागेतून प्रकाशाचा फक्त हजारावा हिस्सा पार होतो. एवढ्याशा उजेडातला छोटा फरकही, सावली उजळायला गेलो की ठळक होऊन वर येतो.

दुरुस्तीचे आजचे हत्यार अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरमधल्या एका घरात मूळ धरते. प्राध्यापक ग्लेन नोल यांनी तळघरात डार्करूम केली होती. त्यांचा मुलगा थॉमस तिथे रंगांचा तोल साधायला शिकला. पुढे थॉमस आणि भाऊ जॉन यांनी मिळून चित्रे दुरुस्त करण्याचे सॉफ्टवेअर फोटोशॉप घडवले. अडोबी कंपनीने ते फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले खरे, पण त्याआधी १९८९ मध्ये त्याच्या सुमारे २०० प्रती बार्नीस्कॅन नावाच्या यंत्राबरोबर गेल्या होत्या. हे यंत्र स्लाइड स्कॅनर होते! फोटोशॉपची पहिली पावले स्लाइडच्याच अंगणात पडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

रीत तशी साधी. जी जागा खरोखर काळी असायला हवी तिचे आकडे पाहावेत. समजा लाल १२, हिरवा १३ आणि निळा २८ असेल, तर निळ्या कर्व्हचे फक्त खालचे टोक दाबावे. सगळ्या चित्रातून निळा काढला तर ढग पिवळे पडतात. मात्र उघड्या आभाळाखालची सावली मुळातच निळसर असते. ती निळाई त्या दिवसाची आहे, तिला हात लावू नये. एक्टाक्रोम या दुसऱ्या फिल्मच्या जुन्या स्लाइडची लाली हे दुखणेही निराळे. तिथे निळसर-हिरवे रंगद्रव्यच विटलेले असते.

कोडाक्रोमची रंगीत धुलाई करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबवले. आता नवी कोडाक्रोम स्लाइड होणे नाही, म्हणून विनंती एवढीच: दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा, पहिला स्कॅन तसाच जपा, आणि स्कॅन झाले म्हणून स्लाइड टाकून देऊ नका.